पाण्याच्या दिवसाचा खेळ आणि त्याची विल्हेवाट

मृत्युपत्र लिहून देणार: श्रीमती भानुमती व्यंकटराव कन्नडकर, वय ७१, निवृत्तिवेतनधारक, राहणार सिडको एन-नऊ, छत्रपती संभाजीनगर.

कारणे मृत्युपत्र लिहून देते की, माझ्या हृदयाची खात्री डॉक्टर देत नाहीत. डोक्याची खात्री मी स्वतः देते. हा मजकूर मी कोणाच्या सांगण्यावरून, धाकाने किंवा लोभाने लिहिलेला नाही. "रागात लिहिताय का?" असे ॲड. काकासाहेब पिशोरकर यांनी मला विचारले. होय, रागात लिहिते आहे. पाटबंधारे खात्यात आयुष्यभर टिपण्या लिहिल्या, त्यातल्या निम्म्या रागातच लिहिल्या होत्या आणि एकही परत आली नाही. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात एक नाव होते, ते या मृत्युपत्रात वारस म्हणून नाही. का नाही, ते पुढे येईल.

कलम १. घर. कै. व्यंकटरावांनी घेतलेले हे रो-हाऊस, जमिनीखालची पाण्याची टाकी व मोटारीसह, मुलगा सुयश आणि मुलगी मृण्मयी यांना समान. सुयशला घर विकायचे झाल्यास त्याने आधी मृण्मयीला विचारावे. विचारणे म्हणजे सगळे ठरवून झाल्यावर कळवणे नव्हे. हा फरक त्याला कळत नाही, याचा दाखला कलम पाचमध्ये आहे.

कलम २. बिडकीनचा प्लॉट एकट्या मृण्मयीला. घेतला तेव्हा तिथे बाभळी होत्या आणि लोक आम्हाला हसले होते. आता कारखान्यांसाठी एवढे रुंद रस्ते झाले आहेत की पलीकडे जायला रिक्षा करावी. नळ मात्र अजून आलेला नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही मृण्मयीनेच करावी. ती तोंडावर कडू बोलते, मला दुखावते, पण पाठीमागे तिने कधी काही केले नाही.

कलम ३. बँकेतल्या ठेवींवर वारसांची नावे आधीच लावलेली आहेत. पाटल्या मृण्मयीच्या. व्यंकटरावांचा रेडिओ ज्याला दुरुस्त करता येईल त्याचा.

कलम ४. आता मुख्य गोष्ट. प्लेस्टेशन-दोन हे यंत्र, दोन रिमोट, डिस्कांची पिशवी आणि एक मेमरी कार्ड.

हे यंत्र सुयशने इंजिनिअरिंगला असताना घेतले आणि पुण्याला नोकरी लागल्यावर माळ्यावर टाकले. २०१३ च्या दुष्काळात शहराला चार-चार दिवसांनी पाणी येई. कधी सुटेल याचा नेम नसे, म्हणून पाण्याच्या दिवशी घराबाहेर पाऊल टाकता येत नसे. आमच्या गल्लीचा नळ आधी सुटतो. दोन गल्ल्या पलीकडे श्रीमती सत्यभामा साळवे राहतात, घाटी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका, मूळच्या देवगाव रंगारीच्या. त्यांचा नळ आमच्यानंतर. त्या सकाळपासून माझ्याकडे येऊन बसत आणि माझी टाकी भरली की आपल्या घरी पळत. बसून बसून माणूस चहा तरी किती पिणार? मी यंत्र खाली काढले.

आधी मोटारींच्या शर्यती खेळलो, मग कुस्ती. कुस्तीत ती मला डोक्यावर उचलून आपटायची आणि वर विचारायची, "ताई, लागलं का गं?" आमचे अहो-जाहो तिथेच संपले, म्हणून पुढे मी तिला नुसते सत्यभामा म्हणेन.

२०१६ साली, लातूरला रेल्वेने पाणी गेले त्या उन्हाळ्यात, तिने औरंगपुऱ्यातल्या एका टपरीवरून एक डिस्क आणली. वर मार्करने 'दोघांचा' एवढेच खरडलेले. नाव नाही, गाव नाही आणि आतली अक्षरे सगळी जपानी. दोन बाया एका किल्ल्याच्या पायथ्यापासून माथ्याकडे निघतात. लाल लुगड्यातलीच्या डोक्यावर झाकलेली घागर, म्हणून तिला हात उचलता येत नाही. निळीच्या हातात काठी. तिने लालीला सांभाळायचे. एक मेली की दोघींना मागच्या दरवाज्यापासून सुरुवात. लाल सत्यभामा, निळी मी. अक्षरे वाचता येत नसल्यामुळे गोष्ट आम्हीच रचली आणि किल्ल्याच्या दरवाज्यांना आपल्या शहरातली नावे दिली: भडकल, मकई, पैठण, रंगीन, कटकट. शेवटच्याला नाव द्यायचे नाही, तिथे पोचल्यावर बघू, असे ठरले. घागरीत काय आहे ते तिथेच कळणार होते. मी म्हणायची पाणी. ती म्हणायची, "येवढं जपून नेतीय, लोणचं असंल."

आम्ही फक्त पाण्याच्या दिवशी खेळत असू. कार्ड माझ्या कपाटात, डिस्क तिच्या ट्रंकेत. कार्डात आम्ही कुठवर पोचलो ते साठवलेले, डिस्कमध्ये गेम. एकाशिवाय दुसऱ्याचा उपयोग नाही. ही अट तिनेच घातली होती, मी नाही.

यंत्र म्हातारे झाले. झाकणावर लोणच्याची बरणी ठेवली तरच डिस्क फिरायची. ओरखड्यांवर मी टूथपेस्ट लावून मधून कडेला पुसायची. दर दरवाज्यानंतर, आणि एक मेली तरी, पडदा काळा व्हायचा आणि आत बराच वेळ घरघर चालायची. त्या घरघरीत आम्ही एकमेकींना काय काय सांगितले ते इथे लिहिण्याचे कारण नाही. तिचा नवरा कसा गेला ते मला तेव्हा कळले, आणि व्यंकटराव किती अबोल होते हे मी प्रथमच कोणाला तरी बोलले. पुढे शहर वाढले, नळाचे दिवस आणखी लांबले, तसा आमचा खेळही लांबला. वर्षाकाठी एक दरवाजा झाला तरी खूप. आम्हाला घाई नव्हती, असे मी समजत होते.

कलम ५. २०२१ च्या हिवाळ्यात माझ्या हृदयाने पहिल्यांदा त्रास दिला आणि मी पंधरवडाभर दवाखान्यात होते. सुयश आला. त्याने माझी सेवा केली हे मान्य; डबा, औषधे, रात्रीची जागरणे, कशातच उणे काढता येणार नाही. मी घरी आल्यावर सत्यभामा आणि मी जिथे थांबलो होतो तिथून पुन्हा खेळू लागलो.

त्याच सुमारास मला दिसू लागले की तिचे बाजूचे लक्ष उडाले आहे. डावीकडून काहीही आले की ती गाफील. मी वयावर ढकलले आणि निळीला तिच्या डाव्या अंगाला उभी करू लागले.

२०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही कटकट दरवाज्याच्या पायऱ्या चढत होतो. पहिल्यांदाच. अचानक लाल बाई उजव्या भिंतीला चिकटून उभी राहिली. मग डावीकडून भलामोठा दगड गडगडत आला आणि निळीला घेऊन गेला. दगड दिसायच्या आधी ती सरकली होती. जिला डावीकडचे आलेले दिसत नव्हते, तिला न आलेले दिसले. मी खेळ थांबवला.

"तुला कसं कळलं?"

"काय कळलं?"

"दगड येणार ते."

तिने मोरीकडे पाहिले. "ताई, पाणी आलं वाटतं."

"पाणी आलेलं नाही. मी विचारते त्याचं उत्तर दे."

तिने रिमोट मांडीवर ठेवला. "बघितलंय मी सगळं. शेवटपर्यंत. तू दवाखान्यात व्हतीस तवा. सुयशनं कॉम्प्युटरवर लावून दिलतं."

"आणि निळी?"

"त्यानंच चालवली."

माझ्या कपाटातले कार्ड माझ्या मुलाने काढले. तिने डिस्क दिली. त्याने दोन्हींची नक्कल कॉम्प्युटरवर उतरवली आणि मला सलाईन लावलेली असताना, माझ्याच खोलीत बसून, दोघांनी माझ्याशिवाय किल्ला सर केला. हे एक वेळ गिळले असते. पण त्यानंतर वर्षभराहून अधिक काळ ती दर पाण्याच्या दिवशी माझ्या शेजारी बसून "अगं बया, आता काय व्हईल?" म्हणत राहिली. रंगीन दरवाज्याचा पूल कोसळला तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला होता. पूल कोसळणार हे तिला ठाऊक होते. त्या दिवशी मी रात्री झोपताना तो हात आठवून हसले होते. ते हसू मला आता परत घेता येत नाही, आणि फसवणूक म्हणतात ती माझी तिथे झाली.

ती उठून गेली. तेव्हापासून माझ्या घरी आलेली नाही, आणि मी बोलावलेले नाही.

कलम ६. मी सुयशला फोन केला. तो म्हणाला, "आई, काकूंना काचबिंदू आहे. बाजूचं दिसायचं बंद झालंय, पुढेमागे समोरचंही जाईल. त्यांना शेवट डोळ्यांनी बघायचा होता. मला शपथ घातली होती त्यांनी."

मी म्हटले, "मला सांगितलं असतं तर मी रोज खेळले असते तिच्याबरोबर."

"तेच नको होतं त्यांना. म्हणाल्या, ताई रोज बसवंल आणि पडदा सोडून माझ्या डोळ्यांकडंच बघंल." वर म्हणाला, "आणि आई, शेवटी गेमच तर आहे."

कारण मला समजले. राग तरी गेला नाही. डोळे जाणार ही एवढी मोठी गोष्ट तिने माझ्या मुलाला सांगितली आणि मला सांगितली नाही. सगळ्या घरघरीत बसून तिने मला सगळे सांगितले होते, असे मी धरून चालले होते.

ज्या हार्ड डिस्कवर नक्कल आहे ती सुयशची, ती त्याने घेऊन जावी. इम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरला जुन्या यंत्राचे सोंग घ्यायला लावणारा प्रोग्राम, त्यावर माझा आकस नाही. जुन्या डिस्का सडतात, यंत्रे मरतात, म्हणून कोणी नकला जपत असेल तर चांगलेच आहे. मी त्यावर दुसरा एक गेम खेळून पाहिला. चित्र आरशासारखे स्वच्छ, दरवाजे झटकन उघडतात. मरायची वेळ आली की एक बटण दाबून क्षणभर मागे जाता येते, त्यामुळे कोणी कोणाला सांभाळायची गरज उरत नाही. त्या दोघांना दोन दुपारी पुरल्या. सुयशने हे मला अभिमानाने सांगितले, याची मी इथे नोंद करते. मुलगा म्हणून त्याचा कोणताही हक्क मी यापायी कमी केलेला नाही. निळी बाई मात्र त्याने पुन्हा चालवू नये.

कलम ७. यंत्र आणि रिमोट मृण्मयीने तिला वाटेल त्याला द्यावेत. घेणाऱ्याला बरणीचे सांगावे. 'दोघांचा' ही डिस्क सत्यभामेची आहे, तिच्याबद्दल लिहिण्याचा मला अधिकार नाही.

मेमरी कार्ड. यात आम्ही दोघी कटकट दरवाज्याच्या पायऱ्यांखाली उभ्या आहोत. त्यापुढे एकच दरवाजा उरतो. घागरीत काय आहे ते मला माहीत नाही, आणि सुयश सांगू लागताच मी फोन ठेवला होता. आधीच्या मृत्युपत्रात हे कार्ड मी सत्यभामेच्या नावे केले होते. ते मी रद्द करते. कार्ड कोणालाही देत नाही. मी जिवंत आहे तोवर ते कपाटात आहे. माझ्या मागे मृण्मयीने ते न उघडता, त्याची नक्कल न घेता, मोडून टाकावे.

कलम ८. साक्षीदार. पहिल्या साक्षीदार म्हणून मी श्रीमती सत्यभामा साळवे यांचे नाव दिले तेव्हा ॲड. पिशोरकर यांनी दोन हरकती घेतल्या. पहिली, ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्ष करू नये. म्हणूनच मी तिला काही ठेवलेले नाही. वारसाला जे मिळायचे ते मी गेल्यावर मिळते. साक्षीदाराला मी जिवंत असताना माझ्या घरी यावे लागते. दुसरी हरकत, साक्षीदाराला सही होताना दिसली पाहिजे. तिला बाजूचे दिसत नाही. समोरचे अजून दिसते. मी समोर बसेन.

मजकूर मी स्वतः तिला मोठ्याने वाचून दाखवीन, एकही ओळ न गाळता. तिला काही म्हणायचे असल्यास ते तिने सहीच्या वेळी सांगावे, वकिलांनी जसेच्या तसे लिहून घ्यावे.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी राजीखुशीने म्हणता येणार नाही, पण पूर्ण शुद्धीत लिहून दिले असे.

ठिकाण: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: १४ मे २०२४

(सही) भानुमती व्यंकटराव कन्नडकर

साक्षीदार:

१. (सही) सत्यभामा साळवे, राहणार सिडको एन-नऊ. साक्षीदाराचे म्हणणे, त्यांच्याच शब्दांत: "सगळं ऐकलं. खरं हाय. येक दुरुस्ती करा. पूल पडताना हात धरला ते नाटक नव्हतं. पूल पडणार हे मला माहीत व्हतं, ताईचं काळीज नुकतं दुखून गेलतं, दचकंल म्हणून धरला."

२. (सही) ॲड. काकासाहेब पिशोरकर

साक्षीदार क्र. १ यांच्या म्हणण्यावर मृत्युपत्र करणारीचा शेरा: दुरुस्ती नामंजूर. नोंद राहू द्यावी. साक्षीदार क्र. १ यांनी अजून उठू नये.

(सही) भा. व्यं. क.