बंद दिव्याखालचा बर्फ

१७ नोव्हेंबर

प्रिय धाकटे,

तुला अनेक आशीर्वाद. आईचा गुडघा बरा आहे. जिना चढते आणि वर पोचल्यावर सगळ्यांकडून कौतुक करून घेते. स्वयंपाकघरातला नळ अजून गळतोच. तुझ्या खोलीत मी कपडे वाळत घालते, रागावू नकोस.

प्रयोगशाळेत तुझ्या जागी कोणी आलेलं नाही. आपल्याला 'बर्फवाल्या बहिणी' म्हणणारा तो यंत्रदुरुस्तीवाला परवा विचारत होता, "दुसरी वितळली की काय?" मी हसले. मग जाऊन दोनदा हात धुतले.

तू नवीन होतीस तेव्हा मी तुला समजावायचे. नव्या ताऱ्याभोवती धूळ फिरते, तिच्या कणांवर बर्फ धरतो. ताऱ्याचा प्रकाश त्या बर्फातले रेणू तोडतो, नव्याने जोडतो. पुढे कण चिकटत चिकटत ग्रह होतात आणि हा सगळा ऐवज त्यांच्या पोटात जातो. निर्वात भांड्यातल्या गार तबकडीवर, ताऱ्याऐवजी दिवा लावून, आपण तेच करून पाहत होतो. आणि तिथे ग्लिसरीन सापडलं. जिवंत पेशीच्या आवरणाला लागणारा पदार्थ, ग्रह जन्मायच्या आधीच तयार! केवढी मिरवले मी.

मग तू दिवा न लावता तोच प्रयोग केलास. ग्लिसरीन तरीही आलं.

"तबकडी नीट पुसली नसशील," मी सगळ्यांदेखत म्हणाले.

"दिवाच बंद होता, ताई. मग बनवलं कोणी? तुझ्या ओरडण्यानं?"

निष्काळजीपणाचा ठपका तुझ्यावर आला आणि महिन्याभरात तुझं काम गेलं.

आता लिहितेच. आपण हे काम सुरू केलं त्या हिवाळ्यात माझे हात फुटले होते, दिवसातून चार-चार वेळा मलम चोळत होते. पहिल्या प्रयोगाआधी तबकडी मी बसवली होती, घाईत, हातमोजे न घालता. भांड्याच्या आत जे लागलं ते प्रत्येक वेळी निघत राहिलं. मलमाच्या डबीवर पहिलंच नाव ग्लिसरीनचं आहे. तू सामान आवरलंस त्याच्या आदल्या दिवशी मी ती डबी वाचली होती. दुसऱ्या दिवशी तुझी पिशवी फाटकापर्यंत मीच उचलून दिली. चौदा महिने झाले.

ग्लिसरीन सापडल्याचा आमचा छापून आलेला निबंध मागे घेत असल्याचं पत्र आज दुपारी मासिकाला पाठवलं. प्रमुख म्हणाले, "उपकरणात दोष होता, एवढंच लिहा ना. नोकरी तरी राहील." दोष कोणाचा ते मी लिहिलं. तो कोणी शोधला आणि त्याची शिक्षा कोणाला झाली, तेही लिहिलं. सोबत प्रत आहे.

आधी तुला विचारणार होते. पण तू "जाऊ दे ताई" म्हणाली असतीस, आणि मी खरंच जाऊ दिलं असतं.

तुझ्यावर खोटा आळ घेणारी,
तुझी ताई