नाचघरातले बूट

सांगली, १८ ऑगस्ट १९७४, रविवार

आष्ट्याचे मामा आज मुद्दाम आले होते. दिवाळी अंकासाठी मी त्यांच्या दुसऱ्या महायुद्धातल्या बोटीबद्दल लिहिते आहे ना. एरवी साहेबलोकांना फिरवणारी ती थोरली बोट सरकारने फौजेसाठी घेतली, आणि आपल्याकडच्या जवानांना झोपायला मिळालं तिचं नाचघर. चहूकडे आरसे, चकचकीत लाकडी जमीन! कुणी न सांगता सगळ्यांनी दाराशीच बूट काढले. देवळात शिरावं तसे आत गेले. पहाटे शत्रूची पाणबुडी आल्याचा भोंगा वाजला आणि शंभरेक माणसं बुटांच्या एका ढिगावर तुटून पडली. मामांच्या पायात आले दोन्ही डावे.

एवढं सांगून म्हणाले, "पर ह्ये लिहू नगंस. गावात सुभेदार म्हणत्यात मला."

माझा चेहराच पडला. सगळ्या लेखात जिवंत तेवढंच तर आहे! पण मामांच्या मानापेक्षा माझा लेख मोठा का? "नाही लिहीत," म्हटलं खरं. मनात मात्र ते दोन डावे बूट चालतच होते.

चहा घेऊन मामा निघाले, आणि फाटकातून परत आले.

"लिही गं. नावासकट लिही."

"आणि गाव हसलं तर?"

"हसू दे. पर कुना गड्याच्या पायात दोन्ही उजवं गेलं आसतील न्हवं? त्यो कोन, त्ये कवा कळलंच न्हाई. जित्ता आसंल तर वाचंल."

अंक कुठवर पोचतो, संपादकांना विचारायला हवं.