दोरीवरचे हातमोजे

४ नोव्हेंबर

प्रिय सूनबाई,

अनेक आशीर्वाद. पाय उशीवर ठेवतेस ना? प्लास्टरच्या आत विणायची सुई घालून खाजवू नकोस, डॉक्टरांनी बजावून सांगितलंय. शेजारच्या काकूंना डब्याचं सांगून आले आहे. त्यांचा मिठाचा हात जरा सैल आहे, तेवढं चालवून घे.

पत्र लिहायला कारण काय ते तुला ठाऊक आहे, म्हणून आधी बाकीचं सांगते. इथे फोन लागत नाही. जीपवाला एक दिवसाआड खाली जातो. खालून फोन करून निरोप देतो म्हणाला होता, पण परक्या माणसाच्या तोंडून तुला काही ऐकवायचं नाही असं मी ठरवलंय. म्हणून हे पत्र.

तो ज्या घरात उतरला होता तिथेच, त्याच्याच खोलीत मी आहे. खिळ्याला त्याचा टॉवेल तसाच लटकतोय. खोलीला दोन खाटा. दुसरी तुझ्यासाठी सांगितलेली होती म्हणे, ती कुणाला दिली नाही त्यांनी. घरात घरमालक, त्याचा धाकटा भाऊ आणि त्यांची म्हातारी आई. म्हातारी सांगत होती, तुमचा मुलगा जेवला की आपलं ताट आपण घासून ठेवायचा. मी म्हटलं, मग तुम्ही भलत्यालाच शोधताय, माझ्या मुलाने घरी पाण्याचा पेला कधी उचलून ठेवलेला नाही. सगळे हसले. मग एकदम म्हातारी उठून चुलीकडे वळली.

आता कारण. गेल्या गुरुवारी सकाळी तो खिंडीपलीकडचं तळं बघायला एकटाच निघाला. घरमालकाने आभाळाकडे बघून नको म्हटलं होतं. "जेवायला परत येतो," म्हणाला आणि गेला. हट्ट कुणाचा घेतलाय ते सांगायला नको. दुपारी बर्फ सुरू झाला. संध्याकाळीच ही माणसं दोर घेऊन निघाली, तेव्हापासून रोज जाताहेत. हेलिकॉप्टर एकदा येऊन गेलं, ढगांत काही दिसेना म्हणून परत फिरलं.

पण ऐक. खिंडीच्या पलीकडे मेंढपाळांची दगडी झोपडी आहे. या दिवसांत रिकामी असते, तरी आत सरपण आणि घोंगड्या ठेवलेल्या असतात. तिथे पोचला असेल तर बरेच दिवस काढेल, असं घरमालक म्हणतो. मी ते घट्ट धरून बसले आहे. तूही धर.

घरमालक माणूस कमी बोलणारा. काल एवढंच म्हणाला, "आई, आम्ही आपणहून शोध थांबवत नाही. घरचं माणूस पुरे म्हणेल तेव्हाच थांबतो. एकदा आम्हीच ठरवून थांबलो होतो. त्या पोराचा बाप अजून येतो. दारात उभा राहतो, मग परत जातो." मी म्हटलं, मग तुमच्या नशिबात या वेळी थांबणं नाही.

मी नुसती बसलेली नाही. दोर ओढून ओढून या लोकांचे हातमोजे फाटतात. संध्याकाळी ते माझ्यापुढे येऊन पडतात, सकाळी मी ते धड करून देते. चामड्यात माझी दुकानातली सुई शिरेना, तेव्हा म्हातारीने दाभण काढून दिली. इतकी वर्षं ब्लाउज शिवले, आता हे. तुला हसू येईल म्हणून लिहिलं.

तुझी खडूस सासू
(हे तू त्याला स्वयंपाकघरात म्हणाली होतीस. मी ऐकलं होतं.)


९ नोव्हेंबर

प्रिय सूनबाई,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र जीपवाल्याने आणून दिलं. अक्षराची पार रया गेली आहे. आडवं पडून लिहू नये, डोळे बिघडतात.

'त्याला घेतल्याशिवाय येऊ नका' असं लिहिलंस. वाचलं. झोपडीपर्यंत गेले का, असंही विचारलंस. वाट फार वाईट आहे, बर्फ भुसभुशीत आहे. शोध चालू आहे.

आज इथे ऊन पडलं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तू जे शिखर मिरवतेस, ते या खिडकीतून आख्खं दिसतं. सुंदर आहे, खोटं कशाला बोलू? लोक पैसे खर्चून येतात ते उगीच नाही. मी मात्र त्याच्याकडे पाठ करून बसते.

सकाळी चार पोरं-पोरी आली, रंगीबेरंगी जॅकेटं घातलेली. त्यांना या घरात काय चाललंय याची कल्पना नव्हती आणि कुणी सांगितलीही नाही. एक मुलगी म्हणाली, "काकू, आमचा एक फोटो काढता?" मी काढला. सगळ्यांची डोकी आली, मागचा डोंगरही आला. "किती भारी जागा आहे ना!" म्हणाली. मी हो म्हटलं. घरी आईला सांगून आलीस का, हे अगदी ओठांवर आलं होतं, पण गिळलं.

हातमोजे सगळे शिवून झाले. अंगणातल्या दोरीवर ओळीने लावलेत. आता म्हातारीच्या कोटाचं अस्तर हातात घेतलंय, ते पार उसवलं होतं. धाकट्याच्या पायाला लागलं म्हणून त्याला खाली दवाखान्यात नेलं. बाकी ठीक.

तू जेवत जा.

तुझी सासू


१२ नोव्हेंबर

पोरी,

मागच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. शोध चालू नव्हता. भर दिवसा हातमोजे दोरीवर कसे, हे तुझ्या लक्षात आलंही असेल. तुझ्या नजरेतून सहसा काही सुटत नाही. तरी मी सांगायला हवं.

सात तारखेला ही माणसं झोपडीच्या वाटेला लागली. खिंड उतरताना वरचा बर्फ सुटला आणि धाकटा त्याखाली गेला. बाकीच्यांनी हातांनी उकरून काढला. श्वास चालू होता. पाय मांडीत मोडलाय, दोन बोटं काळी पडलीत, ती जातील म्हणतात. त्याला दारातून आत आणला तेव्हा मी चुलीपाशी होते. म्हातारीने आधी त्याच्या नाकापाशी हात धरला, मग ती त्याच्याशेजारी खाली बसली. थोड्या वेळाने उठली आणि रोजच्यासारखा माझा चहा माझ्या हातात आणून दिला. तिने मला चार शिव्या दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपमधून धाकट्याला खाली पाठवलं. आणि जीप वळणापलीकडे गेल्यावर बाकीची माणसं परत अंगणात येऊन उभी राहिली. दोर खांद्यावर. मी शिवलेले हातमोजे हातात. म्हातारी बाहेर आली, तिने थोरल्याच्या कोटाच्या खिशात उकडलेले बटाटे घातले. हे ती रोजच करायची. त्या दिवशी तिचा हात खिशातून बाहेर येईना. नुसती उभी राहिली तशीच, त्याच्या छातीएवढी म्हातारी, खिशात हात घालून. घरमालक माझ्याकडे बघत होता. लवकर निघायचं होतं त्याला. ऊन वर आलं की बर्फ आणखी सुटतो.

मी म्हटलं, पुरे.

वारा होता. कुणाला ऐकू गेलं नाही. घरमालक म्हणाला, "काय म्हणालात आई?" एकदा बोलले होते ते कसंबसं, कुणी मानगूट धरून वदवून घ्यावं तसं. दुसऱ्यांदा बोलायचं म्हणजे ठरवून बोलायचं होतं. मी मोठ्याने म्हटलं, "पुरे. जाऊ नका."

त्याने मान हलवली. एकेकाने हातमोजे काढले आणि दोरीवर टाकले. म्हातारीने बटाटे खिशातून काढून घेतले आणि आत गेली. मी अंगणातच होते, किती वेळ ते ठाऊक नाही.

दहा तारखेला खिंडीवरचं आभाळही मोकळं झालं आणि हेलिकॉप्टर झोपडीवरून दोन-तीनदा फिरून आलं. छपरावर बर्फ आहे, दार बर्फात बुजलंय, धूर कुठे नाही. उतरायला जागा मिळाली नाही. धूर नाही म्हणजे काय, ते तुला समजेल. घरमालकाने टोपी काढली, मलाही समजलं.

हे पत्र मी काल एकदा लिहून फाडलं. त्यात मी लिहिलं होतं की हेलिकॉप्टरने सांगितलं आणि मग मी पुरे म्हटलं. किती सोपं होतं ते. इथली माणसं तुला कधी भेटायची नाहीत, जीपवाला चुगली करायचा नाही. तुलाही सोपं गेलं असतं. सासूने सगळं केलं, मग देवाच्या मनात नव्हतं, असं म्हणून तू रडून मोकळी झाली असतीस. पण उरलेलं आयुष्य आपल्याला एका घरात काढायचंय, आणि तुझ्या हातचा चहा घेताना ते खोटं मला रोज गिळावं लागलं असतं.

तेव्हा नीट वाच. मी पुरे म्हटलं तेव्हा तो त्या झोपडीत जिवंत बसला आहे की नाही, हे मला माहीत नव्हतं. असेलही, असं मनात होतं. सरपण असतं, घोंगड्या असतात, हे मीच तुला कळवलं होतं. तरी म्हटलं. तिचा दुसरा मुलगा त्या वाटेवर पाठवणं मला जमलं नाही. माझा तो माझा, हे मला कळत नव्हतं असं नाही. शहाण्या बायकांनी काय केलं असतं, मला माहीत नाही.

आणखी एक. तू लिहिलंस की तळ्याचं वेड तूच त्याच्या डोक्यात भरवलंस, आणि न्हाणीघरात पाय घसरला नसता तर तू बरोबर असतीस, त्याला थांबवलं असतंस. अगं, तुझं तरी त्याने कधी ऐकलंय? तू बरोबर असतीस तर तळ्यापर्यंत दोघं गेला असतात. मग त्या सकाळी मी दोघांसाठी पुरे म्हटलं असतं. ते खूळ डोक्यातून काढून टाक. इथे दोष वाटायचा असेल तर तो माझ्या वाट्याचा आहे, त्यात वाटा मागू नकोस.

बर्फ वितळला की घरमालक स्वतः वर जाणार आहे. "आता कुणी सांगायची गरज नाही," म्हणाला, "ते शोधणं नसतं, आणणं असतं." तेव्हा तुझा पाय बरा झालेला असेल. आपण दोघी येऊ. नको वाटलं तर मी एकटी येईन.

त्याची पिशवी भरली आहे. टॉवेल धुतला नाही, तसाच घडी करून आणते. हे पत्र आजच्या जीपने पुढे पाठवते, मी परवाच्या जीपने निघते. म्हातारीने जाताना बटाटे बांधून दिले तर मी काय करणार आहे, मला कळत नाही.

दार उघडायला उठू नकोस, माझ्याकडे किल्ली आहे. मला बघून तू तोंड फिरवलंस तरी मी आत येणार आहे.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहितात. या वेळी राग असला तरी चालेल. फक्त तो माहेरी घेऊन जाऊ नकोस. माझ्यासमोर बसून कर.

पुरे म्हणालेली,
तुझी सासू