आप्पा रागावले नव्हते

निपाणी, १२ नोव्हेंबर १९८६, संध्याकाळ

आप्पांना घेऊन पुण्याहून आज परत आले. मेंदूचा स्कॅन झाला. फिल्मवर डाव्या बाजूला काळी पोकळी दिसते. डॉक्टर म्हणाले, "इथला मेंदू झिजलाय. शब्द इथूनच येतात." जन्मभर शाळेत मराठी शिकवलेल्या माणसाचे शब्द!

एसटीत एकच घोर, आईला कसं सांगू? मला नोकरीसाठी बेळगावला पाठवण्यावरून दोघांचं भांडण झालं होतं. त्या रागानेच आप्पांनी बोलणं टाकलं, असं दोन वर्षं ती धरून बसली होती. तीही हट्टाने गप्प. आणि मी? माझ्यामुळेच हे झालं, असं मनात घोकत राहिले.

घरी आल्यावर फिल्म खिडकीशी धरून तिला ती काळी जागा दाखवली. तिने हळूच बोट ठेवलं.

"म्हंजे हे माझ्यावर रागावलं न्हवतं व्हय?"

"न्हाय गं आई. त्यांना शब्दच सापडत न्हवते."

ती रडली. मग हसली. आज कितीतरी दिवसांनी जेवायला आप्पांच्या शेजारी बसली. आप्पा तिच्याकडे बघत "ते... ते..." करत राहिले. शेवटी आपल्या ताटातला गूळ उचलून त्यांनी तिच्या ताटात ठेवला.