काडी आणि पान

प्रिय आईला,
धाकटीचा वाकून नमस्कार. खोकला बराच कमी आहे, जेवणही वेळेवर होतं, तेव्हा त्यावर दोन पानं लिहू नकोस.

आज मी मोठ्ठा घोळ घातला आणि त्याचंच सोनं झालं! आमच्या प्रयोगशाळेत जंगलातले दोन किडे आणलेत. एक हुबेहूब हिरव्या पानासारखा, दुसरा वाळक्या काडीसारखा. पिंजऱ्यातला पाला बदलताना मी काडीकिडाच काडी समजून कचऱ्यात टाकला! मॅडमनी अख्खी टोपली जमिनीवर पालथी केली.

सापडला तेव्हा तो पाय जुळवून ताठ पडला होता. मला रडूच फुटलं. पानकिड्यावर फुंकर मारली की तो वाऱ्यातल्या पानासारखा डोलतो, म्हणून ह्याच्यावरही मारली. हा आणखीच ताठ! मॅडम म्हणाल्या, "अगं, मेला नाहीये, घाबरलाय. हातावर घे आणि गप्प बस."

बसले. आणि आई, थोड्या वेळाने एक पाय हलला, मग दुसरा, आणि स्वारी चक्क माझ्या मनगटावर चालायला लागली! मी अशी किंचाळले की शेजारच्या खोलीतले धावत आले.

बाबा अजून बोलत नाहीत का गं? निवृत्त झाल्यापासून त्यांना कशातच राम वाटत नाही, असं लिहिलंस. तू पडलीस पानकिड्याच्या जातीची, म्हणून त्यांनाही सारखी बोलून बोलून हलवायला बघतेस. आज काही बोलू नकोस. नुसता त्यांचा हात हातात घेऊन बस.

आणि ते पहिलं काय बोलले, ते मला लगेच कळव.

तुझी, आता कचराही दोनदा तपासणारी,
धाकटी