उष्टी बासरी

शनिवार, ७ ऑगस्ट १९९९, कोल्हापूर

पेरूहून आलेल्या पाहुण्याने आज शाळेत तिकडचा पावा ऐकवला, लहानमोठ्या नळ्या ओळीने बांधलेला. त्याच्या दोन जुड्या असतात. एकीत अर्धे सूर, दुसरीत उरलेले. एकट्याला गाणे पुरे करताच येत नाही. दुसरी जुडी त्याने आठवीतल्या सुनंदाला दिली. ती बेसूर फुंकत होती, तरी वर्ग टाळ्या पिटत होता. मी अकरा वर्षे इथल्या मुलांना अचूक बासरी ऐकवतो. अशी एकही टाळी आठवत नाही. मत्सर वाटला, हे मान्य.

"सुनंदा, सूर चुकतोय."

"चुकू दे की, सर! तुमी तर बासरी कवा हातातबी दिली न्हाई."

कशी देणार? उष्टी होते.

पाहुण्याने मात्र तिने फुंकलेली जुडी तशीच ओठांना लावली.

सोमवारी वर्गात बासरी मुलांच्या हाती देणार आहे. पिशवीत पुसायचा रुमालही ठेवला होता. तो आत्ताच काढून ठेवला.