बुटांसकट

ता. ४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. नव्या बास्केटबॉल क्लबात बस्तान बसलं. खोली बरी आहे. पलंग आखूड आहे, पाय बाहेर लोंबतात. पण ते आपल्या घरी तरी कुठे मावत होते!

काल आमची उंची मोजली. शी! अजून शिसारी येते. सकाळी उठल्या उठल्याच मोजतात, कारण रात्रभर आडवं पडलं की पाठीचा कणा सैलावतो आणि माणूस म्हणे थोडा लांबतो. वर जाड तळव्याचे बूट. एकीने तर अंबाड्यात मोजा कोंबला होता, तोही घामाने आंबलेला. मॅनेजरने ओला पंजा माझ्या टाळूवर दाबून सहा फूट दोन असं वाचलं आणि लिहिताना सहा तीन लिहिलं. अनवाणी मी सहा एक आहे, हे बोलून दाखवलं, तर म्हणाला की सगळेच संघ वाढवून लिहितात, आपण खरं लिहिलं तर आपलीच मुलगी बुटकी ठरेल.

माझ्या खोलीत राहणारी मुलगी पाच फूट चार. सगळे तिला चिमणी म्हणतात. पास असा देते की डोळे मिटून झेलावा. तिची उंची पाच सहा लिहिली, कारण राज्य संघाची निवड समिती त्याखालच्या मुलींकडे ढुंकूनही बघत नाही. समिती येईल तेव्हा ती तेवढी दिसावी, म्हणून बुटांत बुचाचे जाड तुकडे घालायला सांगितलेत.

आईबाबांना नमस्कार. लोभ आहेच, सांगताना चार बोटं वाढवून सांग.
तुझी शिडी

ता. ११ जून

चि. शिडीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र डबा खाताना वाचलं आणि त्या मोज्यापाशी पोळी खाली ठेवली. मी दिवसभर लोकांचं रक्त-लघवी तपासणारी बाई, मला सहसा किळस येत नाही!

पण तू एकट्या मॅनेजरला नावं ठेवू नकोस. आईने तुझ्यासाठी एक स्थळ काढलंय आणि तिथे तुझी उंची पाच फूट दहा सांगितलीय. फोटोही बसलेला पाठवला. मी जाब विचारला, तर म्हणाली, मुलगा पाच अकरा आहे, पोरीला काय जन्मभर घरात उभी करून ठेवू? पाहायला आले की तू सपाट चपला घालून जरा पोक काढून चालावंस, असाही हुकूम आहे. बाबा वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसले. तिकडे तुला ताणतात, इकडे ठोकून बसवतात. तू माणूस आहेस की पडद्याची दांडी? मला या सगळ्याचाच वीट आलाय.

जेवत जा. तुझ्यावरची माया मोजायला इथे कुणी बसलेलं नाही, काळजी नको.
तुझी ताई

ता. २ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितेय, अक्षर समजून घे.

काल समितीसमोर सामना झाला. चिमणी त्या बुचांवर खेळली. उडी मारून खाली येताना तिचा पाय बुटातच मुरगळला आणि घोट्याचं हाड मोडलं. आवाज मला ऐकू आला. ती गुरासारखी ओरडत होती. मॅनेजर धावत आला. मला वाटलं, तिला धीर देईल. तो वाकून माझ्या कानात पुटपुटला, की डॉक्टर यायच्या आत बुटातली बुचं काढ आणि खिशात घाल.

ताई, मी बूट सोडवला, घामाने भिजलेली ती बुचं काढली आणि सरळ समितीच्या टेबलावर, त्यांच्या चहाच्या कपांशेजारी नेऊन ठेवली. म्हटलं, हिची उंची पाच चार, माझी सहा एक, बाकीच्यांचीही अनवाणी मोजा. त्यांनी मोजली. एकही आकडा जुळला नाही. मॅनेजरची हकालपट्टी झाली.

त्या स्थळालाही माझी खरी उंची कळव. मी पोक काढणार नाही.
आशीर्वाद असू दे.
तुझी शिडी

ता. ९ जुलै

चि. शिडीस,
अनेक आशीर्वाद.

शाब्बास! तुझ्या सांगण्याप्रमाणे त्या लोकांना मी स्वतः फोन केला. मुलाच्या आईने आधी विचारलं, की अजून वाढतेय का. मग तासाभराने नकार कळवला. आई माझ्याशी बोलत नाहीये. भाजी वाढते, पण वाटी आपटून. बाबा मात्र काल हळूच म्हणाले, की पोरीने बरं केलं. लगेच पुन्हा वर्तमानपत्रात शिरले.

चिमणीचं कसं आहे? ते कळव. इकडे सारे तुझी वाट बघतात, रुसलेले धरून.
तुझी ताई

ता. २० जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

समितीने मला निवडलं. चिमणीला नाही. हाड जुळल्यावर तरी तिचा खेळ बघा, म्हणून मी हात जोडले. तिच्या पासांवरच मी गुण करते, हेही सांगितलं. पाहू म्हणाले, आणि घड्याळाकडे पाहिलं.

काल इस्पितळात गेले. वाटलं होतं, ती माझे आभार मानेल. तिने भिंतीकडे तोंड केलं. मग म्हणाली, की ती बुचं तिने राजीखुशीने घातली होती, दुसरा रस्ताच नव्हता. पाय मोडला तो बरा होईल, पण आता पाच फूट चार ही तिची उंची सगळ्यांना ठाऊक झाली, ती कशी बरी होणार? सहा फूट एकवरून खरं बोलायला माझं काय जातंय, असंही विचारलं.

मॅनेजरची किळस येते, समितीची येते, टेबलाकडे ताठ मानेने चालत गेलेल्या माझीही थोडी येते. तरी ती बुचं खिशात घातली असती, असं मात्र वाटत नाही. तिच्या पायांशी नुसती बसून राहिले.

निघायला उठले, तेव्हा ती भिंतीकडे बघतच म्हणाली, की एवढी उंच आहेस, तर निदान त्या वरच्या फळीवरचा कंगवा तरी काढून दे. मी काढून दिला, आणि पुन्हा बसले.

आईला म्हणावं, रविवारी येते.
तुझी शिडी